सर्व्हरची मेमरी खराब झाली आहे का, आणि झाली असेल तर नेमकी कुठली डिम (मेमरीची पट्टी)? शोध घेण्याची पद्धत

डिस्क बिघडली की बहुतेक वेळा लॉगमध्ये तिचंच नाव येतं. मेमरीचं तसं नाही. मेमरी बिघडते तेव्हा डेटाबेस इंडेक्स खराब झाल्याची तक्रार करतो, जीझिपची फाइल उलगडताना सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळत नाही, कंपायलर सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, पॅनिक होऊन थांबतो. आळ दर वेळी दुसऱ्यावर येतो आणि माणसं आठवडाभर डेटाबेसच्या किंवा एखाद्या ड्रायव्हरच्या मागे लागतात.

संशय घ्यायला एक खूण पुरेशी आहे: बिघाडाची जागा बदलत राहते. सॉफ्टवेअरमधला बग साधारणपणे तेच काम करताना, त्याच फंक्शनमध्ये पुन्हा सापडतो. खराब मेमरीत आज फाइल सिस्टमच्या कोडमध्ये पॅनिक, उद्या नेटवर्कच्या कोडमध्ये, परवा नुसताच रीबूट आणि लॉगमध्ये एक ओळही नाही. तोच सोर्स कोड तीनदा बिल्ड केला आणि तिन्ही वेळा कंपायलर वेगळ्याच फाइलवर पडला, तर कोड वाचत बसू नका, मेमरीकडे वळा. मात्र कर्नलने ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत एखादी प्रोसेस मारली असेल, तर तिथे मेमरी कमी पडली आहे, खराब झालेली नाही. या दोन्हींची गल्लत फार होते.

बहुतेकांचा हात अशा वेळी पहिल्यांदा सर्व्हरच्या झाकणाकडे जातो. तो आवरा. डिम काढून परत बसवली की पुरावा हलतो: एरर थांबतात, पण त्या का थांबल्या ते कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने त्या परत येतात तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधी नोंदी गोळा करायच्या, त्यांतला पॅटर्न वाचायचा, संशयित डिम कागदावर ठरवायची आणि मगच मशीन उघडायचं. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने आहे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

त्याही आधी एक काम उरका. जुने बॅकअप आपोआप पुसण्याचं शेड्यूल थांबवा. मेमरी खरोखर खराब असेल तर गेले काही दिवस बिघडलेला डेटा डिस्कवर आणि तिथून बॅकअपमध्ये जात असू शकतो. रोजच्या रोटेशनमध्ये शेवटची चांगली प्रत पुसली गेली, तर डिम बदलूनही काही हाती लागणार नाही.

## ईसीसी आहे का, आणि ती चालू आहे का

पुढचा सगळा तपास या एका प्रश्नावर अवलंबून आहे. ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीत ६४ बिट डेटाबरोबर ८ बिट तपासणीचे साठवले जातात. रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्जमध्ये असताना १९५० साली मांडलेल्या कोडचंच हे पुढचं रूप. एक बिट उलटला तर मेमरी सांभाळणारा कंट्रोलर तो दुरुस्त करून देतो आणि नोंद करतो. याला दुरुस्त झालेली एरर, म्हणजे सीई म्हणतात. दोन बिट एकदम उलटले तर चूक ओळखता येते, दुरुस्त करता येत नाही, ती यूई. साध्या ईसीसीत तीन किंवा जास्त बिट बिघडले तर मात्र खात्री उरत नाही. मोठ्या सर्व्हरवर याच्या पुढची सोय असते. तिथे अख्खी एक मेमरी चिप मेली तरी डेटा वाचतो. चिपकिल, एसडीडीसी अशी तिची वेगवेगळी नावं आहेत आणि त्यासाठी साधारणपणे चार बिट रुंदीच्या चिप असलेल्या डिम लागतात.

लिनक्सवर रूट होऊन ‘डीएमआयडीकोड’ ही कमांड मेमरीच्या पर्यायासह चालवा. दोन गोष्टी बघा. मेमरी अ‍ॅरेच्या भागात एरर करेक्शन टाइपसमोर ‘नन’ आहे, की ‘सिंगल बिट’ वा ‘मल्टी बिट ईसीसी’ आहे? आणि प्रत्येक डिमच्या भागात टोटल विड्थ व डेटा विड्थ किती? ७२ आणि ६४ असेल तर ईसीसी डिम आहे, दोन्ही ६४ असेल तर नाही. डीडीआर५ या मेमरीच्या नव्या पिढीत प्रत्येक डिमवर डेटाच्या दोन स्वतंत्र वाटा (उपचॅनेल) असल्याने सर्व्हरच्या डिमवर हा आकडा बहुधा ८० आणि ६४ असा दिसतो.

डीडीआर५ बद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. प्रत्येक डीडीआर५ चिपच्या आत स्वतःची छोटी ईसीसी असते, म्हणून साधी डीडीआर५ डिमसुद्धा ‘ईसीसी’ म्हणून खपवली जाते. ती आतली ईसीसी चिपमधल्या पेशींपुरती आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट बिघडला तर तिला पत्ता लागत नाही, आणि आत काय दुरुस्त झालं हे ती ऑपरेटिंग सिस्टमला सांगतही नाही. सर्व्हरसाठी ती पुरेशी धरू नका.

तुमचं मशीन व्हर्च्युअल असेल तर यातलं काहीच आतून खरं दिसणार नाही. गेस्टमधून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतून, मेमरीच्या एरर मोजता येत नाहीत. तपास होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर करावा लागतो, आणि होस्ट दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर बिघाडाच्या अचूक वेळा लिहून त्यांच्याकडे द्याव्या लागतात.

## नोंदी: आधी बीएमसी, मग कर्नल

क्रम असाच ठेवा. बीएमसी म्हणजे बोर्डावरचा स्वतंत्र देखरेखीचा संगणक; डेलच्या मशीनवर आयड्रॅक, एचपीईवर आयलो. त्याची सिस्टम इव्हेंट लॉग, म्हणजे एसईएल, रीबूटनंतर आणि पॅनिकनंतरही टिकते. कर्नल ज्या क्षणी कोसळला त्या क्षणी तो डिस्कवर काहीच लिहू शकला नसेल, पण बीएमसीने बहुधा यूईची नोंद केलेली असते. ‘आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट’ चालवा किंवा बीएमसीच्या वेब पानावरून लॉग उतरवून घ्या. ‘करेक्टेबल ईसीसी’, ‘अनकरेक्टेबल ईसीसी’ आणि डिमचं नाव असलेल्या ओळी वेगळ्या काढा.

इथे दोन गोष्टी हमखास दगा देतात. एक म्हणजे बीएमसीचं घड्याळ. ते पुष्कळदा यूटीसीवर असतं, कधी कधी वर्षानुवर्षं चुकीचंच. बीएमसीची आत्ताची वेळ आणि सर्व्हरची आत्ताची वेळ शेजारी शेजारी लिहा, फरक काढा आणि मगच घटना जुळवा. दुसरी गोष्ट म्हणजे भरलेली लॉग. एसईएलची जागा मर्यादित असते आणि काही बोर्डांवर ती भरली की नवी नोंद होतच नाही. ‘एसईएल इन्फो’मध्ये किती टक्के वापर आहे ते दिसतं. लॉग रिकामी करावी लागली तर आधी फाइलमध्ये जतन करा. वॉरंटीच्या वेळी तीच मागतात.

आता कर्नल. ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’च्या कर्नल नोंदींमध्ये ‘इडॅक’ (कर्नलमधला मेमरीच्या एरर नोंदवणारा भाग), ‘एमसीई’ (मशीन चेक, म्हणजे प्रोसेसरने कळवलेली हार्डवेअरची एरर) आणि ‘हार्डवेअर एरर’ शोधा. इंटेलच्या सर्व्हरवर ओळ साधारण अशी दिसते:

इडॅक एमसी०: १ सीई मेमरी रीड एरर ऑन सीपीयू_एसआरसीआयडी#०_एमसी#०_चॅन#१_डिम#० (चॅनेल:१ स्लॉट:० पेज:… ऑफसेट:… ग्रेन:३२ … रँक:१)

एवढ्या एका ओळीत बरंच काही आहे. ‘एमसी०’ म्हणजे पहिला मेमरी कंट्रोलर. ‘१ सीई’ म्हणजे एक दुरुस्त झालेली एरर. ‘मेमरी रीड’ म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने वाचताना सापडली. याच जागी ‘स्क्रबिंग’ असेल तर कंट्रोलरच्या नेहमीच्या फेरीत सापडली. प्रोसेसरचा सॉकेट, चॅनेल (प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतची एक वाट) आणि स्लॉट मिळून डिम ठरते. रँक म्हणजे डिमवरच्या चिपचा कोणता गट. पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, ऑफसेट म्हणजे त्यातली जागा; दोन्ही मिळून मेमरीतला पत्ता. रँक आणि पत्ता या शेवटच्या दोन गोष्टींकडे बहुतेक जण बघत नाहीत, आणि खरं निदान त्यांच्यातच असतं.

एकूण मोजणी सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) इडॅकच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक कंट्रोलरखाली सीई काउंट आणि यूई काउंट अशा फाइलींत असते; ‘इडॅक-युटिल’ तेच आकडे नीट मांडून दाखवतं. हे आकडे रीबूटला शून्य होतात, म्हणून त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. एरर कायमच्या नोंदवून ठेवणारा ‘रासडीमन’ बसवा आणि त्याची एसक्यूलाइट नोंद चालू ठेवा. ‘रास-एमसी-सीटीएल’ला समरी आणि एरर्स हे पर्याय दिले की तारखेसह सगळी यादी मिळते. याच कामाचं ‘एमसीईलॉग’ जुनं झालं. एएमडीच्या अलीकडच्या प्रोसेसरवर ते चालत नाही. विंडोज सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’ हा स्रोत पाहा. मेमरीची दुरुस्त झालेली एरर तिथे इव्हेंट ४७ म्हणून येते.

कर्नलच्या नोंदी कोऱ्या असल्या म्हणून मेमरी ठीक आहे असं समजू नका. अनेक सर्व्हरवर फर्मवेअर आधी एरर स्वतःकडे घेतं आणि ठरावीक संख्या ओलांडेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टमला काहीच कळवत नाही. बूटच्या नोंदींत ‘फर्मवेअर फर्स्ट’ असे शब्द सापडले तर तुमच्यासाठी बीएमसी हाच मुख्य साक्षीदार. आणि ‘मशीन चेक’ दिसलं की ते मेमरीचंच असेल असंही नाही. प्रोसेसरच्या आतल्या कॅशच्या एररही याच मार्गाने येतात. ओळीत ‘कॅश’ आहे की मेमरी कंट्रोलर, हे वाचून घ्या. कॅशची एरर कितीही डिम बदलल्या तरी जात नाही.

## पॅटर्न वाचणं

एररच्या संख्येवरून निर्णय घेणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. मेमरीतली एकच पेशी कायमची अडकली आणि ती सतत वाचल्या जाणाऱ्या पेजमध्ये असली, तर तासाभरात हजारो नोंदी पडू शकतात. तीच पेशी कोणी वापरत नसलेल्या पेजमध्ये असली तर दिवसाला एखादी. बिघाड दोन्हीकडे तेवढाच. म्हणून किती एरर आल्या हे नंतर, किती वेगवेगळ्या पत्त्यांवर आल्या हे आधी.

सगळ्या नोंदींतून पत्ता, रँक, बँक (चिपच्या आतला एक भाग), चॅनेल आणि वेळ काढून एका तक्त्यात टाका आणि वेगळे पत्ते मोजा. मग पुढीलपैकी एक चित्र दिसू लागतं.

महिनोन्महिन्यांत एकदाच, एकाच पत्त्यावर एक सीई, आणि पुन्हा कधी नाही: हा बहुधा क्षणिक बिघाड. कॉस्मिक किरणांमुळे किंवा चिपच्या आवरणातल्या किरणोत्सर्गी अंशांमुळे बिट उलटू शकतो, आणि पेशी मात्र निरोगी असते. नोंद ठेवा, बाकी काही करू नका.

तोच पत्ता पुन्हा पुन्हा: एक पेशी कायमची गेली आहे. यात एक फार उपयोगी बारकावा आहे. सर्व्हरचा कंट्रोलर पॅट्रोल स्क्रब नावाची फेरी मारतो, म्हणजे सगळी मेमरी क्रमाने वाचून चुका दुरुस्त करत जातो, आणि ही फेरी बहुधा २४ तासांची असते. एरर रोज जवळपास त्याच वेळी, त्याच पत्त्यावर येत असेल, तर त्या वेळेला आपोआप चालणाऱ्या कामावर (क्रॉन जॉबवर) संशय घेऊ नका. फेरी त्या पेशीपाशी पोहोचण्याची ती वेळ आहे.

एकाच डिमवर, एकाच बँकेत, पत्ते अनेक पण एका रांगेत किंवा स्तंभात: चिपमधली आख्खी रांग नाहीतर स्तंभ खराब. वेगळ्या पत्त्यांची संख्या आठवड्यागणिक वाढत असेल तर डिम बदलायची तयारी करा. एका डिमवर सगळ्या बँकांत विखुरलेले पत्ते असतील तर चिपच जाते आहे, किंवा डिम स्लॉटमध्ये नीट बसलेली नाही.

एकाच चॅनेलवरच्या दोन्ही डिमवर एरर: दोन डिम एकदम खराब होण्यापेक्षा त्यांच्यात जे सामायिक आहे ते खराब असण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे स्लॉट, बोर्डावरची वाट किंवा प्रोसेसरचा सॉकेट. एका प्रोसेसरखालच्या सगळ्याच डिमवर असेल तर नजर प्रोसेसरवर आणि त्याच्या हीटसिंकवर वळवा. आणि दोन्ही प्रोसेसरखाली, सगळीकडे थोड्या थोड्या एरर असतील तर वीजपुरवठा, तापमान किंवा नुकतंच बदललेलं बायोस तपासा.

एरर खरंच किती सामान्य आहेत याचा अंदाज हवा असेल तर टोरोंटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. गूगलच्या ताफ्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनवर आणि ८ टक्क्यांहून जास्त डिमवर किमान एक सीई आढळली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या डिमवर एकदा एरर आली, तिच्यावर पुन्हा येण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट निघाली. म्हणून एका सीईवर डिम फेकायची नाही, पण त्या डिमचं नाव विसरायचंही नाही.

यूईसाठी मात्र असा विचार करत बसू नका. एकसुद्धा यूई आली की काम दुसऱ्या मशीनवर हलवा आणि ही डिम बाहेर काढण्याची वेळ ठरवा.

## कागदावरची डिम आणि बोर्डावरचा स्लॉट

कर्नल म्हणतो चॅनेल १, स्लॉट ०. बोर्डावर छापलेलं असतं बी१, नाहीतर ए३, नाहीतर पी१-डिमसी१. चुकीची डिम काढली जाते ती बहुतेक वेळा इथे. कर्नल शून्यापासून मोजतो, बोर्डावरची छपाई सहसा एकपासून. काही बोर्डांवर चॅनेलचा क्रम स्लॉटच्या रांगेप्रमाणे नसतोच. प्रोसेसरच्या एका बाजूला ए, बी, सी आणि दुसऱ्या बाजूला उलट्या क्रमाने बाकीचे.

बीएमसीने डिमचं नाव दिलं असेल तर ते बहुधा बोर्डावरच्या छपाईशी जुळतं, त्याला प्राधान्य द्या. कर्नलच्याच भरवशावर असाल तर डीएमआयडीकोडमधून लोकेटर, बँक लोकेटर आणि सीरियल नंबर यांची यादी काढा. डिम हातात आल्यावर तिच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर यादीशी ताडून पाहणं हीच शेवटची खात्री. रासडीमनमध्ये बोर्डाप्रमाणे लेबल भरून ठेवायची सोय आहे. एकाच मॉडेलचे बरेच सर्व्हर असतील तर हे काम एकदाच, शांत दिवशी करून टाका. डिम जोडीने चालवणारं लॉकस्टेप किंवा मिररिंग चालू असेल तर नोंदीत एका डिमऐवजी जोडीचं नाव येऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

## लगेच बंद करता येत नसेल तर

एका पत्त्यावरच्या सीईसाठी लिनक्स ते पेज वापरातून काढू शकतो. सिसएफएसच्या मेमरी फोल्डरमध्ये ‘सॉफ्ट ऑफलाइन पेज’ ही फाइल आहे; तिच्यात भौतिक पत्ता लिहिला की कर्नल तिथला डेटा दुसरीकडे हलवतो आणि ते पेज पुन्हा कोणाला देत नाही. कर्नलच्या स्वतःच्या वापरातली पेजेस मात्र अशी हलवता येत नाहीत, आणि रीबूट झालं की यादी विसरली जाते. रासडीमन आणि एमसीईलॉग हे काम आपोआपही करतात. एमसीईलॉगच्या मूळ सेटिंगमध्ये एका पेजवर २४ तासांत १० एरर ही मर्यादा आहे. किती मेमरी अशी बाजूला पडली आहे ते ‘मेमइन्फो’मध्ये ‘हार्डवेअर करप्टेड’ या ओळीत दिसतं.

डीडीआर४ पासून आणखी एक मार्ग आला: पोस्ट पॅकेज रिपेअर. चिपमध्ये काही राखीव रांगा असतात आणि फर्मवेअर बूटच्या वेळी खराब रांगेच्या जागी राखीव रांग कायमची जोडू शकतं. त्यामुळे नव्या सर्व्हरवर सीईची सूचना आली की पहिला सल्ला पुष्कळदा ‘रीबूट करा’ असा असतो, आणि तो टाळाटाळीचा सल्ला नाही. दुरुस्ती झाली तर बीएमसीत तशी नोंद होते. त्यानंतरही त्याच डिमवर नवे पत्ते दिसू लागले तर डिम बदला.

## मशीन उघडल्यावर

सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावा. काहीही हलवण्याआधी सगळ्या स्लॉटचे फोटो काढा.

संशयित डिम काढा आणि दुसऱ्या चॅनेलवरच्या, एकही एरर नसलेल्या, त्याच प्रकारच्या डिमशी अदलाबदल करा. एवढंच. याच वेळी बायोस अपडेट करू नका, तिसरी डिम हलवू नका, पंखे बदलू नका. एका वेळी एकच बदल केला तर उत्तर एकच निघतं.

काढलेल्या डिमचे सोनेरी संपर्क उजेडात तिरके धरून बघा. डाग किंवा धूळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. खोडरबर वापरू नका. त्याने मुलामा खरवडला जातो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. स्लॉटमध्ये कोरड्या हवेचा झोत मारा. डिम बसवताना दोन्ही टोकांचे खटके पूर्ण लागले पाहिजेत. एक टोक केसभर वर राहिलं तरी सर्व्हर सुरू होतो आणि नंतर एरर देत राहतो.

सुरू केल्यावर सगळ्यात आधी एकूण मेमरी तपासा. ३२ जीबीच्या १६ डिम म्हणजे ५१२ जीबी. ‘फ्री’मध्ये ४८० च्या आसपास दिसलं तर एक डिम बूटच्या वेळीच बाद झाली आहे.

आता वाट पाहायची. एरर डिमबरोबर नव्या स्लॉटवर गेली तर डिम दोषी, विषय संपला. एरर जुन्याच स्लॉटवर राहिली तर डिम निर्दोष आहे आणि तपास पुढे जातो. दोन्हीकडे काहीच आलं नाही तर बहुधा संपर्काचा दोष होता आणि काढून बसवल्याने तो गेला. पण लगेच निकाल देऊ नका. आधी एरर दर चार दिवसांनी येत असेल तर दोन दिवसांच्या शांततेला अर्थ नाही. जुन्या अंतराच्या निदान तिप्पट-चौपट काळ लक्ष ठेवा.

एरर स्लॉटवर राहिली तर पुढची पायरी प्रोसेसर. मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ च्या ऑप्टेरॉनमध्ये आणि इंटेलने २००८ च्या नेहालेममध्ये तो प्रोसेसरच्या आत घेतला. त्यामुळे आज मेमरीच्या शेकडो वाटा प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या बारीक पिनांमधून जातात. एक पिन वाकली, तिच्यावर हीटसिंकची पेस्ट लागली किंवा हीटसिंकचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, की एखादं चॅनेल गायब होतं नाहीतर एरर देतं. स्क्रू निर्मात्याने दिलेल्या क्रमाने आणि दिलेल्या टॉर्कनेच आवळायचे. हीटसिंक काढून, पिना भिंगातून तपासून, नवी पेस्ट लावून परत बसवा. तरीही फरक नाही आणि दोन प्रोसेसर आहेत, तर त्यांची अदलाबदल करून पाहा. एरर प्रोसेसरबरोबर गेली तर प्रोसेसर, नाहीतर बोर्ड.

## मेमरी टेस्ट कधी आणि कशी

बरेच जण मेमटेस्टपासून सुरुवात करतात. ईसीसी असलेल्या सर्व्हरवर ती शेवटून दुसरी पायरी आहे. कारण सरळ आहे: टेस्ट लिहिलेलं परत वाचून जुळवते, आणि ईसीसी वाटेतच चूक दुरुस्त करून देते. एका बिटची चूक टेस्टला दिसतच नाही. म्हणून टेस्टच्या हिरव्या निकालानंतर बीएमसीची लॉग उघडा. टेस्ट चालू असताना तिथे नव्या सीई पडल्या असतील तर तो खरा निकाल.

मेमटेस्ट८६+ ची ६ वी आवृत्ती २०२२ मध्ये आली, तिच्यापासून यूईएफआय मशीनवर ती सरळ चालते. मेमटेस्ट८६ हा वेगळा, पासमार्कचा प्रोग्रॅम आहे. कोणताही चालेल, पण शेकडो जीबी मेमरीवर एका फेरीलाच कित्येक तास लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. मशीन बंद करायचं नसेल तर ‘मेमटेस्टर’ला आकार आणि फेऱ्यांची संख्या द्या. तो मोकळी मेमरी अडवून तपासतो, कर्नलच्या ताब्यातली मेमरी मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहते. माझी पसंती गूगलच्या ‘स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट’ला आहे. तो अनेक थ्रेडमधून मेमरीत सतत डेटा हलवत राहतो, त्यामुळे चिप आणि वाटा दोन्ही तापतात, आणि फक्त भाराखाली दिसणारे दोष वर येतात. पेशीनिहाय शोधासाठी मेमटेस्ट, वाटेवरच्या दोषासाठी स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट. टेस्ट नापास म्हणजे दोष आहे. टेस्ट पास म्हणजे तेवढ्या वेळात, तेवढ्या तापमानाला दोष दिसला नाही, इतकंच.

ईसीसी नसलेल्या मशीनवर मात्र टेस्ट हाच मुख्य आधार. तिथे टेस्टने दिलेल्या पत्त्यावरून डिम ओळखायला जाऊ नका. पत्ते चॅनेलांमध्ये पसरवलेले असतात. अर्ध्या डिम काढून टेस्ट करा, दोष असलेला अर्धा भाग पुन्हा अर्धा करा.

अशा मशीनवर चालू स्थितीतच करता येणारी एक झटपट तपासणीही आहे. एखादी मोठी, न बदलणारी फाइल घ्या आणि तिचा एसएचए२५६ (मजकुरावरून काढलेला ठसा) काढा. मग पेज कॅश (वाचलेल्या फाइलींची मेमरीत राहिलेली प्रत) रिकामी करून पुन्हा काढा. डिस्कवरची फाइल तीच असताना उत्तर बदललं, तर फाइल मेमरीत येताना किंवा मेमरीत असताना बिघडली. कॅश रिकामी न करता चुकीचं उत्तर दर वेळी तेच येतं आणि कॅश रिकामी केली की बरोबर येतं, असं झालं तर बिघडलेली प्रत मेमरीतच बसून होती. फाइल मेमरीत मावेल इतकीच मोठी घ्या.

## बदलल्यानंतर

नवी डिम त्याच प्रकारची, त्याच रँकची आणि वेगाची घ्या; आरडिम आणि एलआरडिम हे सर्व्हरच्या डिमचे दोन प्रकार एकत्र चालत नाहीत. जुन्या डिमवर सर्व्हरचं नाव, स्लॉट आणि तारीख लिहून ती वेगळी ठेवा, नाहीतर ती सुटे भाग ठेवण्याच्या खोक्यातून परत एखाद्या मशीनमध्ये पोहोचते. वॉरंटीसाठी एसईएलची जतन केलेली फाइल, कर्नलच्या ओळी, सीरियल नंबर आणि अदलाबदलीनंतर एरर डिमबरोबर गेल्याची तारखेसह नोंद एकत्र पाठवा. अदलाबदलीची नोंद असली की ‘आधी डिम काढून बसवून पाहा’ हा पहिला फेरा वाचतो.

पहिल्या नोंदीपासून डिम बदलेपर्यंत लिहिला गेलेला डेटा तपासून घ्या. फक्त सीई असतील तर धोका नगण्य. यूई आली असेल किंवा ईसीसीच नसेल तर डेटाबेसची इंटिग्रिटी तपासणी, फाइल सिस्टम झेडएफएस असेल तर स्क्रब (डिस्कवरचा सगळा डेटा चेकसमशी ताडणारी फेरी), आणि एक बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहणं, हे तिन्ही करा. स्क्रब फक्त डिस्कवर गेल्यानंतर बिघडलेलं पकडतो. चेकसम काढण्याआधीच मेमरीत बिघडलेला डेटा त्याला बरोबरच वाटतो, म्हणून डेटाबेसची तपासणी सोडू नका.

मग एसईएल रिकामी करा आणि मॉनिटरिंगमध्ये तीन अलर्ट लावा: यूई शून्याहून जास्त, एका डिमवर वेगवेगळ्या पत्त्यांची संख्या वाढते आहे, आणि बूटनंतरची एकूण मेमरी अपेक्षेपेक्षा कमी. यांतला तिसरा फारसा कोणी लावत नाही. बूटच्या वेळी बाद झालेली डिम एकही एरर देत नाही. सर्व्हर फक्त थोडा हळू चालू लागतो, आणि तो अलर्ट नसेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.